दशमांश नफ्यातून काढा, आणि यंत्राची घाई नको

प्रश्न : जालन्यात आम्ही नवरा-बायको कॉफी भाजून पाकिटे विकणार आहोत. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे मळेवाल्याला पूर्ण भाव, रविवारी दुकान बंद आणि विक्रीचा दशमांश (दहावा भाग) मंडळीला म्हणजे चर्चला, असे ठरवले आहे. ८ लाखांची ठेव मोडून साडेचार लाखांचे भाजणी यंत्र घ्यावे का?

उत्तर : आत्ता घेऊ नका.

तुम्ही हिरवी, म्हणजे न भाजलेली, कॉफी ५५० रुपये किलो आणि विक्री १,२०० रुपये धरली आहे. पण मध्यम भाजणीत दाण्याचे वजन साधारण १६ टक्के घटते, म्हणजे भाजलेल्या किलोला कच्चा मालच ६५५ रुपयांचा लागतो. गॅस-वीज ४०, पाव किलोच्या चार पिशव्या ६०, पोचवणी ६०. हाती राहतात ३८५. भाडे आणि कामगाराचा पगार तुम्ही महिना २६,००० लिहिला आहे. तो भागायलाच ६८ किलो खपायला हवी. ८० किलो खपली तर शिल्लक ४,८००, आणि विक्रीचा दशमांश ९,६००! हा खड्डा मळेवाल्याचे बिल थकवून नाहीतर पगार पुढे ढकलून भरला जातो. थकवलेल्या मजुरीतले अर्पण तुम्हाला स्वतःलाच पटणार नाही. म्हणून दशमांश नफ्यावर काढा आणि खासगी खात्यातून द्या; तो धंद्याचा खर्च म्हणून वहीत धरता येत नाही.

राज्याबाहेर पार्सल पाठवणार असाल, तर वर्षाला ४० लाखांपर्यंतच्या उलाढालीला असलेली जीएसटी नोंदणीची सूट मिळत नाही. पाच टक्के कर याच किमतीत बसवला तर किलोमागे आणखी ५७ रुपये जातील.

खरा पैसा लागतो तो दाण्यांना. अरेबिका जातीच्या कॉफीची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत होते, आणि कर्नाटकातल्या कोडगू-चिकमगळूरच्या लहान मळेवाल्याला मजुरी भागवायला तेव्हाच रोख हवी असते. महिना ८० किलो खपाला तीन महिन्यांचा माल, म्हणजे भाजणीतली घट धरून २८५ किलो हिरवी कॉफी, सुमारे १,५७,००० रुपयांचा होतो. यंत्रात पैसे अडकले की पूर्ण भाव देणाराच उधारी मागायला लागतो. ठेवीतून एवढेच काढा, घरखर्चाचे सहा महिने बाजूला राहू द्या आणि भाजणी जॉबवर्कने, म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रावर मजुरी देऊन, करून घ्या. किलोमागे चाळीसेक रुपये जास्त गेले तरी भाजणीचा माणूस लागणार नाही.

रविवार खुशाल बंद ठेवा. पाकिटाचे गिऱ्हाईक शनिवारीही येऊ शकते.

सलग सहा महिने ८० किलोच्या वर खप राहिला, तर यंत्र बघा. तेव्हा ड्रमची मोटर आणि थंड करणारा पंखा इन्व्हर्टरवर घ्या. भाजणीच्या मध्यात वीज गेली की ड्रम थांबतो, दाणे तळाशी करपतात आणि कधी पेटही घेतात.