फक्त ड्रायर वापरणारं गिऱ्हाईक

सेल्फ-सर्व्हिस लाँड्री चालवताना काही जण घरी धुतलेले कपडे फक्त वाळवायला आणतात. त्यांना हाकलायच्या फंदात पडू नका. आज नुसते कपडे वाळवायला आलेला माणूस उद्या जाड ब्लँकेट धुवायलाही येईल.

दर मात्र मिनिटांवर लावा, फेरीवर नको. घरच्या मशीनमधले कपडे बरेचदा जास्त ओले असतात आणि गॅस किंवा वीज जळते ती ते पाणी उडवण्यातच. मिनिटांचा हिशेब ठेवला की जास्त ओल्याला आपोआप जास्त पैसे पडतात.

नवखे इथे चुकतात:
- धुलाईसोबत वाळवणं फुकट ठेवतात आणि ड्रायर सगळ्यांनाच मोकळे सोडतात.
- 'फक्त ड्रायर'साठी चढ्या दराची पाटी लावतात. भांडणाला आमंत्रणच!

ड्रायर रिकामेच असतील तर हे गिऱ्हाईक फायद्याचंच. धुणारे ताटकळायला लागले, तरच गर्दीच्या वेळेपुरता सगळ्यांचा दर वाढवा.