लहान शहराला व्यावसायिक फुटबॉल संघ पेलतो का?

प्रश्न : लाखभर वस्तीच्या शहरात व्यावसायिक फुटबॉल संघ टिकू शकतो का? मित्रांचे म्हणणे असे की, तिकीट काढणारी माणसेच पुरेशी नसतील तर खेळाडूंचे पगार कोठून भागवायचे?

उत्तर : आपल्या मित्रांचा हिशेब चुकलेला नाही, तो अर्धवट आहे. लीगचे वरचे-खालचे विभाग म्हणजे श्रेणी असतात आणि कामगिरीनुसार संघ त्यांत वर चढतात किंवा खाली घसरतात. खालच्या विभागांत तिकीटविक्री आणि स्थानिक जाहिरातदार यांवरच संघ जगतो, हे खरे. मात्र मोठ्या लीगच्या वरच्या विभागात प्रक्षेपणहक्कांचे पैसे तिकिटांच्या उत्पन्नापेक्षा कितीतरी अधिक असतात आणि त्यांतला बराचसा भाग सर्व संघांना सारखा वाटला जातो.

स्पेनमधील एइबार या गावाची वस्ती जेमतेम २७ हजार. तेथील इपुरुआ मैदानाला लागूनच उंच इमारती आहेत आणि काही रहिवासी गॅलरीत उभे राहून सामना पाहतात, म्हणजे ती तिकिटेही बुडालीच! २०१४ मध्ये येथील संघ ला लीगात, म्हणजे स्पेनच्या सर्वांत वरच्या विभागात पोहोचला, तेव्हा त्याच्यावर कर्ज नव्हते, तरी नियमाप्रमाणे भागभांडवल वाढवणे भाग होते. संघाने एखादा धनिक शोधण्याऐवजी ५० युरोंचे समभाग विक्रीस काढले आणि ते देशोदेशीच्या चाहत्यांनी घेतले. पुढे २०१५ पासून स्पेनमध्ये प्रक्षेपणहक्क एकत्रितपणे विकले जाऊ लागले, त्याचाही लहान संघांना हातभार लागला. एइबार सलग सात हंगाम वरच्या विभागात राहिला; २०२१ मध्ये त्याची घसरण झाली, पण संघ मोडला नाही.

याउलट स्कॉटलंडमधील ग्रेटना. सुमारे तीन हजार वस्तीच्या या गावातील संघाने एका श्रीमंत मालकाच्या बळावर लागोपाठ तीन बढत्या मिळवल्या आणि २००७ मध्ये स्कॉटिश प्रीमियर लीग, म्हणजे तेथील सर्वांत वरचा विभाग गाठला. स्वतःचे मैदान निकषांत बसत नसल्याने ‘घरचे’ सामने दूरच्या मदरवेलमध्ये खेळावे लागले आणि एका सामन्याला तर ५०० प्रेक्षकही जमले नाहीत. मालक आजारी पडला, पैसा आटला आणि २००८ मध्ये संघ बंद पडला.

एकाच मालकाचा आधार नेहमी घातकच ठरतो, असे मात्र म्हणता येणार नाही. स्पेनमधील सुमारे ५० हजार वस्तीच्या व्हिलारेआल शहरातील संघाला सिरॅमिक उद्योगातील मालक १९९७ पासून लाभला आहे आणि या संघाने २०२१ मध्ये युरोपा लीग ही युरोपातील क्लबांची दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा जिंकली. तेथे खेळाडू घडवण्यावरही सातत्याने खर्च झाला.

माझ्या मते खरी अडचण लोकसंख्येपेक्षा करारांत असते. उत्पन्न दर हंगामाला वरखाली होते, पगार मात्र तीन-चार वर्षांसाठी बांधलेले असतात. त्यामुळे आपल्या शहरात संघ काढण्याची बोलणी सुरू झाली, तर विभाग घसरल्यावर पगार आपोआप कमी होण्याची अट करारात आहे का, हे आयोजकांना आधी विचारावे; मैदानात किती खुर्च्या असाव्यात, हा प्रश्न त्यानंतरचा.