वाचकांचे प्रश्न : पुरानंतर हललेली कुटुंबं आणि आपलं मदत केंद्र

प्रश्न : ऑगस्ट 2024च्या पुरानंतर विश्वामित्री नदीकाठच्या वस्तीतली बरीच कुटुंबं आमच्या भागात भाड्याच्या खोल्यांत आली. आमच्या मंडळाने सभागृहात दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मदत केंद्र सुरू केलं. ब्लँकेटं वाटली तेव्हा रांग लागली, पण फॉर्म भरायला बसलो की कुणी फिरकत नाही. काय चुकतंय?
— एक वाचक, वाडी, बडोदे

उत्तर : आधी वेळ बदला. ही माणसं कडियाकामावर (गवंडीकामावर), घरकामाला जातात. दुपारी यायचं म्हणजे रोजी बुडवायची. संध्याकाळी सातनंतर बसा.

दुसरं, पहिल्या भेटीत सगळे फॉर्म भरू नका. एकच काम हातात घ्या आणि ते तडीस न्या. ते काम रेशनचं असावं, कारण त्यासाठी नवा पत्ता लागत नाही. अन्न सुरक्षा कायद्याखालचं कार्ड आधारला जोडलेलं असेल तर देशातल्या कुठल्याही सरकारमान्य रेशन दुकानातून धान्य उचलता येतं. निम्मं कुटुंब गावी असेल तर थोडं तिथे, थोडं इथे असंही घेता येतं. दुकानदार ‘तुमचं कार्ड इथलं नाही’ म्हणून परत पाठवतो, म्हणून पहिल्या खेपेला कार्यकर्त्याने बरोबर जावं.

अडतं ते दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनवर. सिमेंटमध्ये काम करून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, अंगठा लागत नाही. हात धुऊन, पुसून दुसरं बोट लावून पाहा. तरी नाही जमलं तर कार्डावर नाव असलेल्या घरातल्या दुसऱ्या कुणाला पुढे करा. ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) बाकी असेल तर ती आधी उरकून घ्या.

नोंदवहीत एका कुटुंबाला एक पान द्या. नाव कानाने ऐकून लिहू नका, कागदावरून जसंच्या तसं उतरवा. रेशन कार्डावर ‘राठवा मंगुबेन’ आणि आधारवर ‘मंगीबेन’ असेल तर दोन्ही लिहा. पुढे अर्ज बहुतेक अशाच फरकावर अडतात. जुना पत्ता, नवा पत्ता, चालू मोबाइल नंबर, आधारला कोणता नंबर जोडलाय, कोणता कागद पुरात गेला, एवढं पुरे. जात, कर्ज, घरातली भांडणं पहिल्या दिवशी विचारू नयेत. मूळ कागद तर एक रात्रही ठेवून घेऊ नका. फोटो काढा आणि कागद तिथल्या तिथे परत द्या. एकदा घरदार वाहून गेलेल्या माणसाकडून त्याचं शेवटचं कार्डही काढून घेणं योग्य नाही.

आधारवरचा पत्ता बदलायची घाई बरेच कार्यकर्ते करतात. कॅशडोल (पूरग्रस्तांना सरकार देतं ती रोख मदत) किंवा घरवखरीची (घरसामानाच्या नुकसानीची) मदत बाकी असेल तर थांबा. पंचनाम्यात जुनं घर असतं, आणि आधारवर नवा पत्ता दिसला की पडताळणीत प्रश्न निघतात. पंचनाम्यात नावच नसेल तर मामलतदार कचेरीत लेखी अर्ज द्या. अर्जाला जुन्या घराचं वीजबिल किंवा वेराबिल (घरपट्टीचं बिल) जोडा आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका. पोचेची एक प्रत त्या कुटुंबाकडे, एक नोंदवहीत.

आणि बायकांशी बोलायला बाईच बसवा, शक्यतो वेगळ्या खोलीत. नवऱ्यासमोर पैशाचं, मारहाणीचं कुणी बोलत नाही. 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर त्यांना तोंडी सांगा. चिठ्ठीवर लिहून दिला तर ती चिठ्ठी घरी सापडते.

प्रश्न : शाळा दाखल्याशिवाय मुलांना घेत नाही. जुना दाखला पुरात गेला. काय करावं?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : 6 ते 14 वयाच्या मुलाला दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायदा, 2009च्या कलम 5 आणि 14मध्ये हे स्पष्ट आहे. मुख्याध्यापकांना तसं लेखी द्या. तरी नकार आला तर नगर प्राथमिक शिक्षण समितीकडे जा. जुन्या निकालपत्रकाचा फोटो कुणाच्या फोनमध्ये असेल तर त्यावरचा विद्यार्थ्याचा यूआयडी (शाळेच्या नोंदीतला क्रमांक) उतरवून घ्या, म्हणजे मुलाची नोंद दोनदा होत नाही. मूल गुजराती माध्यमात शिकत असेल तर ते तिथेच राहू द्या, मराठी शाळा घराला लागून असली तरी.