सहा जण असतील, तर ते घरच

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. शेजारचं घर एका संस्थेनं घेतलं असून तिथे मानसिक आजार असलेले सहा जण राहणार आहेत. आमचा भाग निव्वळ स्वतंत्र घरांचा. कुणाला न विचारता हे चालतं? सोसायटीत सह्या गोळा करणं सुरू आहे.

उत्तर : चालतं. राज्याच्या आरोग्य व सुरक्षा संहितेचं कलम १५६६.३ सहा किंवा त्याहून कमी जणांच्या परवानाधारक निवासाला साधं घरच मानतं. त्या सहांत कर्मचारी धरत नाहीत. तशाच इतर घराला जी झोनिंग परवानगी (कुठल्या भागात काय चालेल याची) लागत नाही, ती शहर इथेही मागू शकत नाही. सोसायटीची ‘एकाच कुटुंबाचं घर’ ही अटही इथे लागू पडत नाही.

सह्यांनी काही साधणार नाही, उलट अंगाशी येईल. टेक्सासमधल्या क्लेबर्न शहरानं बौद्धिक अपंगत्व असलेल्या १३ जणांच्या घराला खास परवानगीची अट घातली, ती सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये रद्द केली. शेजाऱ्यांची भीती हे कारण तिथे टिकलं नाही. पुढे १९८८ मध्ये, घर देताना भेदभाव करायला मनाई करणाऱ्या केंद्राच्या फेअर हाउसिंग कायद्यात अपंगत्वही आलं, त्यात मानसिक आजारही मोडतो. ‘असले लोक इथे नकोत’ असं कुणी सभेत बोललं किंवा ईमेलमध्ये लिहिलं, की तेच पुढे कोर्टात पुरावा म्हणून येतं.

विचारण्यासारखा प्रश्न अंतराचा आहे. काही प्रकारच्या दोन परवानाधारक निवासांमध्ये ३०० फूट अंतर लागतं आणि ते बाहेरच्या भिंतींपासून मोजतात. वृद्धांच्या निवासांना ही अट नाही. गोंगाट, पार्किंग यांची तक्रार शहराकडे करा, जशी कुठल्याही घराची कराल. आतल्या देखभालीची तक्रार राज्याच्या परवाना विभागाकडे जाते. एरवी त्यांनी दहा दिवसांत येऊन पाहणी करायची असते.

प्रश्न : आमचा मुलगा २४ वर्षांचा, ऑटिझम असलेला. तीन कुटुंबं मिळून मुलांसाठी कॅलिफोर्नियातच सनीवेलला घर घ्यायचं म्हणतोय. परवाना काढावा लागेल का?

उत्तर : मदत कोण देणार, यावर ते ठरतं. घर देणाराच जेवण, औषधं, देखरेख पुरवू लागला, की परवान्याचा प्रश्न उभा राहतो. तो टाळायचा तर भाडेकरार प्रत्येक मुलाच्या नावे वेगळा करा आणि सेवा रीजनल सेंटरमार्फत (बौद्धिक व विकासात्मक अपंगत्व असलेल्यांना सेवा मिळवून देणारं केंद्र) वेगळ्या संस्थेकडून घ्या. याला ‘सपोर्टेड लिव्हिंग’ म्हणतात. मात्र आईवडील त्याच घरात राहत असतील तर ही सेवा मिळत नाही. पुष्कळ कुटुंबं इथेच अडकतात, कारण मुलाला एकटं सोडायला मन धजत नाही आणि एक खोली स्वतःसाठी ठेवली जाते.

पुढेमागे परवाना काढून सातवा माणूस आणायचा झाला, तर सहाचं संरक्षण संपतं आणि शहर सशर्त वापराची परवानगी मागू शकतं. तिथे नियोजन विभागाकडे ‘रीझनेबल अकोमोडेशन’चा, म्हणजे अपंगत्वामुळे नियमात वाजवी सवलत मागणारा, लेखी अर्ज करा. राहणाऱ्यांना अपंगत्व आहे, अमुक नियम आड येतो, अमुक सवलत हवी आणि ती या कारणासाठी, एवढं त्यात पुरे. निदानाचे कागद आपणहून जोडू नका. नकार आल्यास केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडे तक्रारीला एक वर्ष आणि दाव्याला दोन वर्षं असतात.

प्रश्न : बेघरांसाठी सेवांसह इमारत बांधायला २०१८ च्या कायद्यानं सरळ परवानगी दिली आहे. मग ती आमच्या गल्लीतही येईल का?

उत्तर : त्या कायद्याच्या जोरावर नाही. एबी २१६२ हा कायदा बहुकुटुंब आणि मिश्र वापराच्या भागांपुरता आहे. एकल घरांच्या गल्लीत आधीपासून उभ्या असलेल्या घरात मात्र असे रहिवासी येऊ शकतात, आणि त्यांना नियम त्या गल्लीतल्या इतर घरांचेच. वॉशिंग्टन राज्य याच्याही पुढे गेलं आहे. तिथल्या शहरांना २०२१ पासून, जिथे घरं किंवा हॉटेलं चालतात त्या कुठल्याही भागात कायमस्वरूपी आधारित निवासाला, म्हणजे सेवांसह मिळणाऱ्या कायमच्या घरांना, मनाई करता येत नाही. राहणाऱ्यांची संख्या आणि दोन निवासांमधलं अंतर यांवर वाजवी अटी घालता येतात, त्याही आरोग्य आणि सुरक्षेच्या कारणासाठीच.