राजीनामा नेमका कोणाला द्यायचाय?

प्रश्न : मुलगा बीई कॉम्प्युटर. पुण्यात नोकरीला लागला, पण काम मिळालं युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरचे सी भाषेतले प्रोग्राम आयबीएमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या अवजड संगणकावर, त्याच्या झेड/ओएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर नेण्याचं. मेनफ्रेम संपत आलेलं. त्यात सी सगळीकडे सारखंच, नुसतं पुन्हा कम्पाइल करायचं, शिकणार काय? शेजारच्या मुलाला दुप्पट पॅकेज आहे. राजीनामा देऊन गेट परीक्षेला बस म्हणून रोज फोन करतो, हल्ली तो उचलतच नाही. त्याला समजवा.
— एक पालक, जळगाव

उत्तर : शेजारच्या मुलाचं पॅकेज तुम्ही कळवलंत, तुमच्या मुलाला काम आवडतं की नाही, याबद्दल पत्रात चकार शब्द नाही. पहिलीच नोकरी, परकं शहर आणि रात्री घरून राजीनाम्याचा तगादा. फोन कोण उचलेल? मला मेनफ्रेमपेक्षा या फोनची जास्त काळजी वाटते.

गेट नोकरी सांभाळूनही देता येते, गुण तीन वर्षं चालतात.

आता ते ‘नुसतं कम्पाइल’, म्हणजे प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. युनिक्सवर अक्षरं बहुधा आस्की संकेतात असतात, A ते Z सलग. झेड/ओएसचा मूळ संकेत एब्सिडिक. त्यात I चा क्रमांक 201 आणि J चा एकदम 209. R नंतरही अशीच फट. म्हणून A पासून Z पर्यंत एकेक आकडा वाढवत जाणारं लूप तिथे 26 ऐवजी 41 वेळा फिरतं. आस्कीत अंक अक्षरांच्या आधी येतात, इथे नंतर. म्हणजे युनिक्सवर क्रमाने लावून आणलेल्या यादीत बायनरी सर्च, म्हणजे यादी अर्धी-अर्धी करत केलेला शोध, चुकतो. char हा अक्षर ठेवायचा प्रकार इथे मुळात अनसाइन्ड, म्हणजे ऋण आकडा न मावणारा, त्यामुळे एकेक अक्षर वाचणाऱ्या getchar चं उत्तर char मध्ये ठेवून EOF या ‘मजकूर संपला’ सांगणाऱ्या ऋण आकड्याची वाट पाहणारा प्रोग्राम थांबतच नाही. कम्पाइल मात्र हे सगळं बिनबोभाट होतं! चूक कुठे दडलीय हे माणसालाच हुडकावं लागतं, आणि ते करताना सी जितकं कळतं तितकं कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये कळत नाही.

मेनफ्रेम संपत आलेलंही नाही. आयबीएमने 2022 मध्ये झेड16 हे नवं यंत्र आणलं. बँका आणि विमा कंपन्यांचे व्यवहार आजही अशा यंत्रांवर चालतात. धोका आहे तो वेगळाच : प्रोग्राम नेण्याचं हे काम (पोर्टिंग) संपल्यावर त्याला निव्वळ रात्रपाळीच्या सपोर्टला बसवलं, तर त्याने जरूर दुसरीकडे पाहावं.

पण ते त्याने ठरवायचं. त्याला शंका असेल तर त्याने स्वतः लिहावं, मी सविस्तर उत्तर देईन. त्याच्या वतीने तुमचं दुसरं पत्र आलं, तर देणार नाही.