माळवद, चौक आणि किल्लारी: घर बांधणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न: आमचं गाव लातूर जिल्ह्यात. जुनं माळवदाचं (सपाट मातीच्या छताचं) घर उतरवलं, दगड आणि सागवानी खांब-तुळया बाजूला काढून ठेवल्यात. त्याच जागेवर मधे चौक (वरून उघडं अंगण) असलेलं घर बांधायचंय, सिमेंट होईल तेवढं कमी. पण घरचे म्हणतात दगड-माती नको, किल्लारी विसरलात का? गवंडी म्हणतो सरळ आरसीसी करा आणि मोकळे व्हा. काय करावं?

उत्तर: घरच्यांची भीती रास्त आहे, त्यामुळे आधी तिच्यावरच बोलू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसं घरांखाली गेली हे खरंच, पण ती घरं कशी होती ते बघा. भिंती दोन-अडीच फूट जाड, न घडलेल्या दगडांच्या, आत-बाहेर दोन पदर आणि मधे चुरा नि माती, आणि हे दोन पदर एकमेकांना कुठेच बांधलेले नाहीत. जमीन हलली की बाहेरचा पदर बाहेर, आतला आत. वर माळवद. एक फूट मातीचा थर म्हणजे चौरस मीटरला जवळपास अर्धा टन वजन, आणि पाऊस गळतो म्हणून वर्षानुवर्षं लोक त्यावर आणखी माती टाकत गेलेले. याउलट जिथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा धड होता तिथे काही घरांत भिंती ढासळूनही छत खांबांवर उभं राहिलं. म्हणजे तुमच्याकडे जे लाकूड शिल्लक आहे ना, तीच तुमची खरी कमाई आहे, फक्त त्याला वाळवी आणि कूज किती लागलीय ते सुताराकडून ठोकून तपासून घ्या आणि खांब मातीत न गाडता दगडी तळखड्यावरच (खांबाखालच्या बैठ्या दगडावर) ठेवा, पण तळखड्यावरून सरकणार नाही अशी पक्की अडकवणूक करून.

दगड वापरा, बिनधास्त वापरा, पण भिंत दीड फुटाच्या वर जाड नको. दर दोन फूट उंचीला आणि आडवं चार-चार फुटांवर एक दगड असा बसवा जो भिंतीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत आरपार जाईल. एवढा लांब दगड नसेल तर काँक्रीटचा ओतून घ्या. कोपऱ्यांत लांब दगड आलटून-पालटून, आणि जोत्याला, दारं-खिडक्यांच्या वर नि छताखाली घरभर सलग फिरणारा, सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा. हो, इथे सिमेंट लागणारच, आणि इथे काटकसर करायची नाही, सिमेंट वाचवायच्या नादात पट्टा गाळणारे लोक मी पाहिलेत आणि मला ते अजिबात पटत नाही. तुमच्या भागासाठीचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सहीसकट घ्या, गवंड्याच्या अंदाजावर नको.

पाया काळ्या मातीत थांबवू नका. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि ती भेग मग वर भिंतीत दिसते. खाली मुरूम लागेपर्यंत जा. विटांसाठीही काळी माती बाद. जवळपासची मुरमाड माती एका बाटलीत घ्या, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, चिकणमाती सगळ्यात शेवटी, तिच्या थरावरून अंदाज येतो. वाळू बरीच आणि चिकण थोडी असेल तर ५ ते ८ टक्के सिमेंट घालून मशीनवर दाबलेले ब्लॉक आतल्या भिंतींना छान होतात, भट्टी लागत नाही. पण तीन-चार आठवडे ओले ठेवायला हवेत, आणि नेमकं हेच साइटवर कुणी करत नाही.

छताला माळवद नको असं माझं मत. तुळयांवर कडीपाट (लाकडी कड्या आणि फळ्या) आणि वर कौलं घ्या, वजन कितीतरी उतरतं. उन्हाळ्यात कौलं तापतात म्हणून खाली हा लाकडी फळ्यांचा थर पाहिजेच.

आता चौक. लोक नकाशात आधी खोल्या टाकतात आणि उरलेल्या जागेला चौक म्हणतात, ते उलट करा. तुमच्याकडे मेच्या मध्यावर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, तेव्हा चौकाच्या भिंतीची सावली शून्य, सावलीचा सगळा भार पडवीवर. म्हणून चौकाभोवती सहा-सात फूट खोल पडवी ठेवा, ती काढून खोल्या मोठ्या करू नका. डिसेंबरात दुपारचा सूर्य साधारण ४८ अंशांवर, म्हणजे दहा फूट उंच कडेची सावली नऊ फूट पडते, चौक दक्षिणोत्तर बारा-तेरा फूट असला तर हिवाळ्यात थोडं ऊन उत्तरेच्या पडवीपर्यंत येतं. रात्री चौकाची फरशी आकाशाकडे उष्णता सोडते आणि गार हवा खाली साठते, त्यामुळे वर कायमचं पॉलीकार्बोनेट टाकलंत तर घर गार ठेवायचं यंत्रच बंद केलं समजा. दुपारी ताडपत्री ओढा, संध्याकाळी काढा. चौक एक पायरी खाली आणि पाण्याला दोन वाटा, एक तुंबली तर दुसरी. छतच साधारण हजार चौरस फूट धरा, वर्षाला ७०० मिमी पाऊस आला तर गळती-उडती सोडून ५० हजार लिटरच्या आसपास पाणी मिळतं, टाकी आत्ताच प्लॅनमध्ये घ्या.

प्रश्न: मातीच्या जुन्या भिंतींना सिमेंटचं प्लास्टर केलं तर टिकेल का?

उत्तर: नाही टिकणार. ओल आत अडकते, माती मऊ पडते आणि प्लास्टर पापुद्र्यासारखं सुटतं. चुन्याचं करा. चुना नीट विझवून, मुरवून घ्यावा लागतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो, त्यामुळे मिस्त्रीला घाई असेल तर आधीच सांगा. सुटी माती काढून, भिंत ओली करून पातळ थर द्या.

प्रश्न: रत्नागिरीजवळ जांभ्याचं (कोकणातल्या तांबड्या दगडाचं) घर बांधतोय. लातूर-सोलापूरकडच्यासारखा चौक आमच्याकडे चालेल का?

उत्तर: चालेल, पण त्याच्याकडून रात्रीच्या गारव्याची फार अपेक्षा ठेवू नका. दमट हवेत रात्री तापमान तेवढं उतरत नाही, तिथे चौकाचं काम वारा खेळवणं. समोरासमोर दारं-खिडक्या ठेवा, छताच्या कडा भिंतीबाहेर लांब काढा, चौकाचा निचरा मोठा करा. जांभा खाणीतून काढल्यावर मऊ असतो आणि हवेत कडक होतो, म्हणून चिरे आणले की लगेच बांधायला घेऊ नका, थोडे दिवस तसेच राहू द्या.

प्रश्न: प्लॉट ३० बाय ४० फूट. चौक मधोमधच पाहिजे का?

उत्तर: अजिबात नाही, एवढ्याशा प्लॉटवर मधला चौक खोल्यांचे नुसते बोळ करतो. एका कडेला घ्या, तिन्ही बाजूंनी खोल्या आणि चौथ्या बाजूला कुंपणाची भिंत. पण बाजूच्या मोकळ्या जागेचे नियम नगरपालिकेत विचारूनच नकाशा काढा, नाहीतर तो परत येतो.