फिटरकाकांना विचारा : खडूस नावाची फ्रेम

प्रश्न : काका, माझा आतेभाऊ अमेरिकेत असतो. घर बदलताना त्याने त्याच्या जुन्या सायकलीची फ्रेम आत्याबरोबर माझ्यासाठी पाठवली. सर्ली कंपनीची, वन-बाय-वन. फ्रेम आणि पुढचं चाक धरणारा चिमटा आहे, चाकं नाहीत. दांडीवर एक पोचा आहे. बीबी, म्हणजे पॅडलचा आस ज्यात फिरतो तो भाग, इतकी जाम आहे की दुकानदाराने पान्याला पाइप लावून बघितला, हलेना. तो म्हणतो, लोखंड आहे, भंगारात घाल आणि ॲल्युमिनियमची गिअरवाली घे. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीला हिप्परगा तलाव, नान्नजकडचे माळ असं फिरतो. ठेवू की काढू?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ठेव. आणि त्या पान्याला लावलेला पाइप आधी काढ.

इंग्लिश आट्याच्या बीबीत चेनकडची, म्हणजे उजवी वाटी उलट्या आट्याची असते. ती सोडवायला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरवावी लागते. डावी वाटी मात्र नेहमीसारखी. पाइप लावून उजवी वाटी आपल्या सवयीच्या दिशेने ओढली असेल, तर ती सुटायच्या ऐवजी आणखी आवळली गेली. मी मिलमध्ये फिटर होतो तेव्हा शिकाऊ पोरांना उलटे आटे ओळखता आल्याशिवाय मोठा पाना हातात देत नव्हतो. फ्रेम आडवी ठेव, दोन्ही बाजूंनी थोडं रॉकेल सोड, दोन दिवस विसरून जा. मग योग्य दिशेने जोर लाव.

आता 'लोखंड' या शब्दाबद्दल. दुकानदार म्हणतो ते लोखंड म्हणजे तुझ्या गच्चीच्या जिन्याचा पाइप. सर्लीच्या फ्रेमी ४१३० क्रोमोलीच्या असतात. म्हणजे पोलादात साधारण ०.३ टक्के कार्बन, एक टक्क्याच्या आसपास क्रोमियम आणि चिमूटभर मॉलिब्डेनम. ताकद वाढल्यामुळे नळी पातळ ठेवता येते. चांगल्या फ्रेमीत नळी टोकांना जाड आणि मधे पातळ ओढलेली असते, कारण जोडापाशी ताण जास्त येतो आणि मधे कमी. बोटाने टिचकी मारून बघ. जिन्याचा पाइप ठक्क करतो, ही वाजते.

पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड, हे खरं. पण तितकंच, जवळजवळ तिप्पट, ताठही आहे. म्हणून ॲल्युमिनियमच्या नळ्या जाडजूड फुगीर कराव्या लागतात आणि पोलादाच्या सडपातळ चालतात. शेवटी फरक उरतो अर्ध्या-पाऊण किलोचा. मे महिन्यात नान्नजला जाताना तू एक-एक लिटरच्या दोन बाटल्या नेतोस ना? मग त्या पाऊण किलोचं दुकानदाराला काय एवढं? (आणि माळढोक अभयारण्याच्या आत चाक घालू नकोस, बाहेर फिरायला माळ पुष्कळ आहे.)

सर्ली हा लहान ब्रँड खरा, पण घरगुती कारखाना समजू नकोस. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ब्लूमिंग्टन इथे क्वालिटी बायसिकल प्रॉडक्ट्स नावाची सुट्या भागांची मोठी घाऊक पेढी आहे, तिचं हे धाकटं पोर. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला सुरू झालं, फ्रेमी तैवानमध्ये जोडल्या जातात. नावाचा अर्थ तुसडा, खडूस. स्वभावही तसाच. बाकीचे दरवर्षी हलकं आणि नवं म्हणत होते तेव्हा यांनी एकच गिअर असलेली माउंटन बाइक काढली. ती तुझी वन-बाय-वन. पुढे २००५ मध्ये पग्सली काढली, हत्तीच्या पायाएवढ्या टायरची, बर्फात आणि वाळूत जाणारी. तोवर तसले टायर घेऊन फिरणारे थोडेच हौशी होते, दुकानात मिळणारी सायकल नव्हती.

आणि माउंटन बाइक हा प्रकारच मुळात असल्या चार-दोन खडूस लोकांनी काढला आहे. कॅलिफोर्नियात फेअरफॅक्स गावाजवळ एक कच्चा उतार आहे. १९७६ च्या ऑक्टोबरात काही मंडळी तिथे जुन्या, जाड टायरच्या, आपल्या दूधवाल्याकडे असतात तसल्या बोजड सायकली घेऊन शर्यत लावायला लागली. ब्रेक मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, पॅडल उलटं दाबलं की लागणारा. उतार संपेपर्यंत हबमधल्या ग्रीसचा धूर व्हायचा आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. त्यावरून त्या रस्त्याचं नावच 'रीपॅक' पडलं. त्यांच्यातल्या जो ब्रीझ नावाच्या माणसाने १९७७ मध्ये याच कामासाठी स्वतः क्रोमोलीची फ्रेम बनवली. ती सायकल आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मला मात्र ते धूर झालेलं ग्रीसच जास्त आवडतं. मेंटेनन्सच्या कामावरून रस्त्याला नाव पडलेलं मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही.

तुझ्या फ्रेमीत आपल्या कामाच्या गोष्टी दोन. मागच्या चाकाच्या खाचा आडव्या आहेत. आपल्या दांडीच्या सायकलीसारखं चाक मागे ओढायचं, चेन ताणली की नट आवळायचे. गिअर बदलणारा तो लोंबता सांगाडा नको. पावसाळ्यात हिप्परग्याच्या बाजूला काळ्या मातीत शिरलास तर आधी तोच सांगाडा मातीने भरतो आणि स्पोकमध्ये अडकून मोडतो. दुसरं, टायर आणि नळ्या यांत जागा भरपूर आहे. काळी माती टायरला पुरणपोळीसारखी थरावर थर चढते, ज्याच्या फ्रेमीत जागा कमी त्याची सायकल खांद्यावर. शिवाय चाक २६ इंची. मोठ्या कंपन्या साडेसत्तावीस आणि एकोणतीसवर गेल्या, पण २६ चा टायर नव्या पेठेत कुठल्याही दुकानात उभ्या उभ्या मिळतो. एक गिअर पुरेल का? सोलापुरात पुरेल. तुळजापूरचा घाट आला की उतरून चालायचं, त्यात लाज कसली.

विकत काही घ्यायच्या आधी फ्रेम तपास. पोच्यावरून नख फिरव. दांडीच्या मधोमध गुळगुळीत वाटी पडल्यासारखा असेल तर सोड त्याला. पण हँडलच्या नळीखाली, खालच्या तिरप्या नळीच्या पोटाशी सुरकुती असेल, रंग आडवा तडकला असेल, तर ती समोरून धडकलेली आहे. मग भिंतीवर लाव. फ्रेम सरळ आहे का हे बघायला चादरीच्या सुताचा पक्का दोरा घे. मागच्या एका खाचेला बांध, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेला ताणून बांध. सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर पट्टीने मोज. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालेल, जास्त असेल तर माझ्याकडे घेऊन ये. मागच्या खाचांमधली रुंदीही मोज, १३५ मिलिमीटर भरली की हब शोधणं सोपं.

गंजाची आपल्या कोरड्या हवेत फार धास्ती नाही. तरी बीबी निघालीच आहे तर नळ्यांत थोडं जवसाचं तेल सोड, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरव, जादाचं निथळू दे. जवसाचं तेल हवेत सुकून कातडीसारखा थर धरतं. घाण्याचं कच्चं तेल सावकाश सुकतं, आठवडा-दोन आठवडे धीर धर. आणि तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, ती आपोआप तापून पेटतात. दोरीवर पसरून वाळव, आईला विचारून.

प्रश्न : मुलाच्या ॲल्युमिनियमच्या सायकलीला बीबीपाशी तडा गेलाय. कोपऱ्यावरचा वेल्डर तीनशे रुपयांत जोडून देतो म्हणतो. द्यावी का?
— एक वाचक, अक्कलकोट रस्ता

उत्तर : ताई, देऊ नका. सायकलीचं ॲल्युमिनियम बहुतेक ६०६१ जातीचं असतं आणि त्याची ताकद भट्टीतून येते. कारखान्यात वेल्डिंगनंतर अख्खी फ्रेम सव्वापाचशे-साडेपाचशे अंशांना तापवतात, पाण्यात बुडवतात, मग पुन्हा कमी आचेवर कित्येक तास ठेवतात. नुसतं वेल्डिंग केलं की जोडाशेजारचा पट्टा मऊ पडतो, ताकद निम्म्यावर येते. जोड दिसायला मात्र झकास.

हे मी ऐकीव सांगत नाही. मिल बंद पडल्यावर दुकान टाकलं, तेव्हा अशी एक फ्रेम मीच जोडून दिली होती. मिलमधला हात, गर्व होता. आठव्या दिवशी होटगी रस्त्यावरच्या स्पीडब्रेकरवर ती माझ्या जोडाच्या बोटभर बाजूला तुटली. पोराचे दोन दात गेले. त्याच्या वडिलांनी पैसे परत मागितले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. तेव्हापासून दुकानात ॲल्युमिनियमला हात लावत नाही. क्रोमोलीचा तडा असता तर गॅसवर पितळ वितळवून जोडून दिला असता. वॉरंटी असेल तर कंपनीकडे पाठवा, नसेल तर फ्रेम बदला. चाकं, ब्रेक, हँडल नव्या फ्रेमीला चालतात का ते बघून देईन, त्याचे पैसे नकोत.

प्रश्न : बाभळीच्या काट्यांनी जीव नकोसा केलाय. महिन्यात सहा पंक्चर.
— एक वाचक, बाळे

उत्तर : जुनी ट्यूब उभी चिरून, व्हॉल्व्ह कापून, टायर आणि ट्यूबच्या मधे पट्टी म्हणून घाला. सायकल जराशी जड होईल. आणि ठिगळ लावण्याआधी टायर आतून अंगठ्याने चाचपा, हळूच. सहातली चार पंक्चरं एकाच काट्याची असणार, तो अजून टायरमध्येच बसलाय.